श्रीमंत भूमी, गरीब घरे: असे का?



गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतील एक वडीलधारे काका माझ्यासाठी दारापाशी थांबले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, दर महिन्याला न चुकता दानाचे पाकीट देणारे. ते म्हणाले, "ताई, तक्रार म्हणून विचारत नाही, मनात येतं म्हणून विचारतो. गडचिरोलीकडे सागवान आहे, बांबू आहे, लोखंड आहे, नद्या आहेत. इतकं सगळं असून तिथल्या माणसाला आपल्याकडच्या जुन्या कपड्यांची गरज का पडते?"

मी त्यांना नेहमीची उत्तरे दिली. शिक्षण कमी आहे, दवाखाना दूर आहे, दारू आहे, कर्ज आहे. काकांनी मान डोलावली. पण घरी जाताना मलाच वाटले की हे उत्तर अपुरे आहे. मी जे सांगितले ती गरिबीची लक्षणे होती. कारण मी सांगितलेच नव्हते. म्हणून या अंकात त्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे असे ठरवले. कारण नीट कळल्याशिवाय आपली मदतही नीट पोहोचत नाही. हे मी स्वतःच्या एका चुकीतून शिकले. ती चूक पुढे सांगते.

यहेज्केलाची यादी

थिऑलॉजीचा डिप्लोमा करत असताना आम्हाला बायबलचा भूगोल शिकवला जाई. भिंतीवर नकाशा असे आणि नगरांची, नद्यांची नावे पाठ करावी लागत. तेव्हा तो विषय कंटाळवाणा वाटायचा. पुढे आदिवासी भागात काम करू लागल्यावर एक अध्याय मला वेगळाच दिसू लागला, तो म्हणजे यहेज्केलाचा २७ वा. सोर हे समुद्राच्या तोंडाशी वसलेले बंदर. कोणत्या देशातून तिथे काय येत असे याची यादीच संदेष्ट्याने दिली आहे. तार्शीशहून चांदी आणि लोखंड, यहूदा व इस्राएलातून गहू, मध आणि तेल, आणखी कुठून घोडे, कुठून हस्तिदंत. त्याच यादीत माणसांच्या विक्रीचाही उल्लेख आहे.

हा अध्याय दोन गोष्टी दाखवतो. प्रत्येक भूमीला देवाने काहीतरी वेगळे दिले आहे, ही पहिली. आणि त्या वस्तूंची किंमत जिथे त्या उगवतात तिथे न ठरता जिथे वाटा एकत्र येतात त्या बंदरात ठरते, ही दुसरी. श्रीमंत झाले ते सोर.

आता हाच नकाशा आपल्या नागपूरवर ठेवून पाहू.

दोन भूमींच्या शिवणीवर वसलेले शहर

नागपूर हे दोन निरनिराळ्या भूमींच्या शिवणीवर वसले आहे. पश्चिमेला वर्धा, अमरावतीकडे गेलात की ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्ह्यापासून झालेला काळा खडक आणि त्यावरची काळी माती लागते. ती ओल धरून ठेवते. तिथे कापूस होतो. काटोल, नरखेडकडे संत्र्याच्या बागा होतात. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे गेलात की जुने खडक, वाळूचे दगड, तलाव, धानाच्या बांध्या आणि मग जंगल लागते. तिकडे पाऊस जास्त. याच पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या खडकांत दगडी कोळसा, मँगनीज आणि लोखंड आहे.

ही शिवण ज्यांनी प्रथम अभ्यासली त्यांत एक मिशनरी होते, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. सुवार्ताकार्य आणि शाळा सांभाळून ते हातोडी घेऊन खडक आणि जीवाश्म शोधत फिरत. गोंड लोकांची भाषा, गाणी आणि चालीरीती त्यांनी टिपून ठेवल्या. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटजवळच्या प्राचीन शिळावर्तुळांची पाहणी करून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. या भागातील कोळसा धरणाऱ्या खडकांना भूगर्भशास्त्रज्ञांनी पुढे गोंड लोकांच्या प्रदेशावरून 'गोंडवन' हे नाव दिले. आज दक्षिण गोलार्धातल्या प्राचीन महाखंडाला जगभर गोंडवनच म्हणतात. नाव जगभर गेले, पण ज्यांचे नाव होते ते लोक मागेच राहिले.

आपले हे शहरही अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी वसवले. म्हणजे नागपुरात आदिवासी माणूस पाहुणा नाही. तो या घराचा जुना मालक आहे.

बाजार भूमीला बदलतो

भूमी काय पिकवू शकते हे देवाने ठरवले. पण त्यापैकी काय पिकवले जाईल, काय खणले जाईल आणि काय तोडले जाईल हे बहुतेक वेळा दूरच्या बाजाराने ठरवले. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण कापूस आहे.

रेल्वे येण्याआधी वऱ्हाड आणि नागपूरकडचा बराचसा कापूस बंजाऱ्यांच्या बैलांवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. शेकडो मैलांचा प्रवास, त्यात पाऊस लागला की माल खराब. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना आणि त्यांची नजर इकडे वळली. भाव कडाडले. हिंगणघाटच्या कापसाचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात घेतले जाऊ लागले. १८६५ मध्ये ते युद्ध संपले आणि भाव कोसळले. वर्ध्याकाठच्या ज्या शेतकऱ्याने अमेरिकेचे नावही ऐकले नव्हते, त्याच्या घरातली चूल त्या युद्धाने पेटली आणि त्या युद्धानेच विझवली.

१८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर का निवडले? कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, रेल्वे दारात. म्हणजे भूमीने गिरणीला बोलावले. पण गिरणी आणि रेल्वे आल्यावर भूमीही बदलली. कापसाचे क्षेत्र वाढले, रुळांखाली घालायच्या स्लीपरांसाठी जंगलातली झाडे लागली, गावे स्टेशनांकडे सरकली आणि गोंदियासारखे ठिकाण मोठे शहर झाले. बंजाऱ्यांचा पिढ्यानपिढ्यांचा वाहतुकीचा धंदा मोडला. १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलाची सीमा घातली, आणि ज्या झाडाखाली आदिवासीचा आजा जन्मला, त्याच झाडाचे लाकूड तोडले तर नातू गुन्हेगार ठरू लागला. जंगलाला बाजारात भाव आला नसता तर त्याला इतके कडक कुंपण पडले असते का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

असेच मँगनीजचे. रामटेकजवळच्या मनसर भागात १९०० च्या सुमारास ते काढले जाऊ लागले. पोलाद बनवायला ते लागते. त्या काळी जगाला मोठा पुरवठा रशियातून होई. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धाच्या काळात तो विस्कळीत झाला आणि आपल्याकडच्या खाणींचे नशीब उघडले. पुन्हा तेच. दगड इथला, कारण दूरचे.

आजही हे चालूच आहे. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवले की काटोल-वरूडची संत्री बाजारात पडून राहतात. चंद्रपूरच्या कोळशावर वीज तयार होते आणि पडघ्यापर्यंत, म्हणजे मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत, सुमारे ७५० किलोमीटर लांबीची खास वीजवाहिनी १९९९ पासून ती वाहून नेते. राख आणि धूर मात्र चंद्रपुरातच राहतात. मी हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. आपल्या सर्वांच्या घरातले दिवे त्याच विजेवर लागतात. पण कोणाच्या वाट्याला काय आले, हे पाहायला हवे.

अंतर भाव खाते

आता काकांच्या प्रश्नाकडे, गडचिरोलीकडे येऊ. नागपूरपासून गडचिरोली सुमारे १७० किलोमीटर. तिथून भामरागड जवळजवळ तेवढेच आणखी पुढे. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला हा जिल्हा बहुतांश जंगलाने व्यापलेला आहे. दीर्घकाळ वडसा हेच या जिल्ह्याचे रेल्वे स्टेशन होते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. नद्या जंगलाला जगवतात आणि त्याच नद्या माणसांना अडवतात.

अशा ठिकाणी बाजार कसा चालतो ते तेंदूपत्त्यावरून समजते. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी होते. एप्रिलच्या शेवटापासून मे महिन्यात नवी कोवळी पाने तोडायला येतात. बाया-माणसे, शाळेला सुटी असलेली मुले पहाटे अंधारात निघतात. दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात. संध्याकाळी ती फळीवर मोजून द्यायची. तिथे पाने उन्हात वाळतात, पोत्यांत भरली जातात आणि बिडीच्या धंद्याकडे निघतात. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. मध्येच अवकाळी पाऊस आला, गारपीट झाली की संपले. या थोड्या दिवसांच्या कमाईवर पावसाळ्याचे बी-बियाणे, मुलांची पुस्तके आणि कधीकधी लग्नही अवलंबून असते.

या पानाचा भाव किती जणांच्या हातात आहे पाहा. बिडी ओढणारे कमी झाले की मागणी घटते. ठेकेदार एकच आला की तो म्हणेल तो भाव. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा बिडीवर २८ टक्के आणि पानावर १८ टक्के कर लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये पानावरचा कर ५ टक्क्यांवर आणला गेला. दिल्लीत एक आकडा बदलतो आणि एटापल्लीच्या फळीवर त्याची चर्चा होते. झाडावर चढणारा ऊन-पाऊस आणि बाजारातून येणारा ऊन-पाऊस, दोन्ही त्याच माणसाच्या डोक्यावर पडतात.

दूरच्या गावाला आणखी एक तोटा असतो. समजा, एखाद्या वस्तूला मोठ्या बाजारात शंभर रुपये मिळतात आणि ती तिथवर न्यायला चाळीस रुपये लागतात. तर गावात येणारा व्यापारी साठच्या वर जाणारच नाही. त्याला स्वतःचा नफाही हवा, म्हणून तो चाळीस म्हणेल. गावात दुसरा कोणी येत नसेल तर चाळीसच खरे. उलट बाजूने, शहरात शंभरला मिळणारे मीठ-तेल गावात पोहोचेपर्यंत एकशे चाळीसचे होते. म्हणजे दूरचा माणूस विकताना स्वस्त विकतो आणि घेताना महाग घेतो. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, पण हिशेब असाच चालतो. आळस, अज्ञान, नशीब असे शब्द आपण पटकन वापरतो. त्याआधी हा हिशेब मांडून पाहावा.

मोहाची टोपली

अंतरासारखाच वेळही भाव खातो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. पहाटे झाडाखाली रसाळ फुलांचा सडा पडतो आणि बाया टोपल्या भरतात. अंगणात वाळवतात. मोह म्हटले की आपल्या मंडळीतील काहींना फक्त दारू आठवते. मीही तशीच होते. पण मोह हे त्या घरांतले अन्न आहे, औषध आहे, गुराचे खाद्य आहे आणि अडीअडचणीला मोडायची ठेवही आहे. बियांचे तेल निघते ते वेगळेच. दारूबंदीच्या कायद्यामुळे मोहफुले साठवण्यावर आणि नेण्या-आणण्यावर अनेक वर्षे बंधने होती. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये ती उठवली.

काही वर्षांपूर्वी मी धानोऱ्याकडच्या एका गावात एका आजीच्या अंगणात बसले होते. त्यांनी नुकतीच वाळलेली फुले आठवडी बाजारात विकली होती. मी शहाणपणाने म्हटले, "आजी, हीच फुलं पावसाळ्यात विकली असती तर जास्त पैसे आले असते ना?" आजी हसल्या. म्हणाल्या, "ताई, थे तं आमाले बी समजते जी. पन पावसाळ्यापरेंत मीठ-तेल कोन देईन? आन् फुलं ठेवाची कुठं? घराले पानी गळते, फुलाले बुरशी लागते."

मला खूप लाज वाटली. आजींना बाजार माझ्यापेक्षा चांगला कळत होता. त्यांच्याकडे कमी होते ते थांबण्याचे सामर्थ्य. ज्याच्याकडे कोरडी कोठी आणि दोन महिन्यांचे मीठ आहे तो थांबू शकतो, आणि जो थांबू शकतो त्यालाच भाव मिळतो. तीच फुले पावसाळ्यात गावातल्याच काही घरांना दुकानदाराकडून चढ्या भावाने परत विकत घ्यावी लागतात.

मिरचीची वाट

धानाचे पीक एकच. तलाव किंवा विहीर नसेल तर दिवाळीनंतर शेत मोकळे. जंगलातली कमाई सुरू व्हायला मार्च उजाडतो. मधल्या महिन्यांत काय खायचे? खाली दक्षिणेला, गोदावरी-प्राणहिता ओलांडली की तेलंगणातली मिरचीची शेते आहेत. तिथे तोडणीला माणसे हवी असतात. मग गडचिरोली-चंद्रपूरकडची कुटुंबे वाहनांत दाटीवाटीने बसून तिकडे जातात. एका बाजूला पाण्याअभावी रिकामे हात, दुसऱ्या बाजूला पाण्यामुळे भरलेली शेते. माणसे पाण्यामागे जातात, हे अब्राहामाच्या काळापासून चालत आले आहे.

पण त्याची किंमत मुले देतात. आपल्या वसतिगृहातल्या मुलींपैकी काहींचे आईवडील डिसेंबरपासून मार्चपर्यंत गावी नसतात. दोन वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी नाताळच्या सुटीत घरी गेली ती परत आलीच नाही. धाकट्या भावाला सांभाळायला आई तिला मिरचीच्या शेतावर घेऊन गेली होती. आम्ही शोधत गेलो तेव्हा आई म्हणाली, "बाई, पोरगी हुशार हाये, मले मालूम हाये. पन लहान्याले कोनाजवळ ठेवू?" ती मुलगी पुढच्या जूनमध्ये परत आली, पण तिचे एक वर्ष गेले. तिच्या वर्गाबाहेर राहण्याचे कारण तिच्या घरात नव्हते. ते शेतात नसलेल्या पाण्यात होते.

दार कोणाच्या हातात?

इथपर्यंत वाचून निराशा वाटली असेल. भूमी बदलता येत नाही, जगाचा बाजार आपल्या हातात नाही, मग करायचे काय? पण गडचिरोलीनेच याचे एक उत्तर दिले आहे.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव. भोवती बांबूचे जंगल. बल्लारपूरला वर्धा नदी, कोळसा आणि रेल्वे एकत्र मिळतात, म्हणून तिथे कागद कारखाना उभा राहिला होता आणि जिल्ह्यातला बांबू दशकानुदशके दीर्घ मुदतीच्या करारांनी बाहेर जात होता. मेंढ्याच्या लोकांनी अभ्यासगट केला, कायदे वाचले आणि प्रत्येक निर्णय सर्वांच्या सहमतीने घ्यायची पद्धत बसवली. श्री. देवाजी तोफा हे त्यातले परिचित नाव. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली. त्या कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना मिळेना. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

विचार करा, नेमके काय बदलले? डोंगर तोच, बांबू तोच, रस्ता तोच, दूरचा बाजारही तोच. बदलले ते दार कोणाच्या हातात आहे एवढेच. आधी खरेदीदार आणि सरकार यांच्यात भाव ठरे आणि गावकरी मजूर असत. आता ग्रामसभा विक्रेती झाली. पेसा क्षेत्रातल्या अनेक ग्रामसभा आज तेंदूपत्त्याचा लिलावही स्वतः करतात. भाव दरवर्षी चांगला मिळतोच असे नाही, ठेकेदार कधी पैसे थकवतो, हिशेबावरून भांडणेही होतात. पण आपल्या वस्तूचा भाव विचारण्याचा हक्क त्यांना आला.

हे आज फार महत्त्वाचे आहे, कारण एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज मोठ्या प्रमाणावर निघू लागले आहे आणि कोनसरीला त्यावरचा उद्योग उभा राहत आहे. कोणी म्हणते रोजगार आला, रस्ते झाले. कोणी म्हणते डोंगर गेला, धूळ आली, आमची पूजास्थाने गेली. दोन्ही बाजूंनी बोलणारे आदिवासी बांधव मला भेटतात. यावर झटपट निकाल देण्याचा मला अधिकार वाटत नाही. पण पवित्र शास्त्रातली नाबोथाची गोष्ट (१ राजे २१) मला वारंवार आठवते. अहाब राजाने द्राक्षमळ्याचा मोबदला देऊ केला होता, त्याहून चांगला मळाही देऊ केला होता. नाबोथ नाही म्हणाला, कारण ती त्याच्या वाडवडिलांची वतनभूमी होती. त्यानंतर जे घडले त्याने देवाचा कोप ओढवला. अहाबाचा भाव कमी होता असे शास्त्र म्हणत नाही. ज्याचा मळा त्याला 'नाही' म्हणू दिले नाही, हा तिथला अपराध आहे. जंगल असो, लोखंड असो, ज्याच्या अंगणात ते आहे त्याला हो किंवा नाही म्हणण्याची मोकळीक असली पाहिजे. हो म्हणाला तर त्याचा योग्य वाटाही मिळाला पाहिजे.

आमची चूक आणि पुढचे काम

सुरुवातीला जी चूक सांगते म्हणाले, ती अशी. काही वर्षांपूर्वी आपल्या संस्थेने एका आतल्या गावात आठ शिलाई मशीन दिल्या. वर्गणी तुम्हीच पाठवली होती. प्रशिक्षण झाले, फोटो निघाले, याच पत्रिकेत छापलेही. दीड वर्षाने गेले तर पाच मशीनवर कपडा झाकलेला होता. दोरा आणि सुई आणायला तालुक्याला जावे लागे, मशीन बिघडली तर दुरुस्त करणारा नाही, आणि गावात कपडे शिवून घेणारे गिऱ्हाईक नाही. तयार कपडे आठवडी बाजारात स्वस्त मिळत होते. बायांनी कष्ट केले नाहीत असे नाही. आम्हीच नकाशा पाहिला नव्हता. शहरात जे चालते ते तिकडे नेऊन ठेवले होते.

त्याच गावातल्या बायांना मग आम्ही पहिल्यांदाच विचारले, "तुमच्याकडे काय आहे आणि ते कुठे अडतं?" उत्तर आले: मोह आहे, कोठी नाही. म्हणून गेल्या हंगामात गटातल्या चौदा घरांनी मिळून एक जुनी खोली डागडुजी करून कोरडी केली. खाली लाकडी फळ्या, वर पत्रा, झाकणाचे पिंप, एक वजनकाटा. फुले ठेवणाऱ्या घराला गटाच्या बचतीतून मीठ-तेलापुरती उचल दिली. पावसाळ्यात फुले विकली तेव्हा उचल परत घेतली. एका पिंपाचे झाकण सैल राहिले आणि त्यातली फुले वाया गेली, त्यावरून वादही झाला. पण बाकीच्या बायांनी आपल्या सोयीने आपला माल विकला. त्या आजीही गटात आहेत. मी पुन्हा गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "या वर्साले दुकानदारच इचारत आला जी, फुलं हायेत का मनून."

एवढे एक वाक्य ऐकायला मला बरीच वर्षे लागली.

म्हणून वाचकहो, यापुढे आपण मदत मागू तेव्हा ती थोडी वेगळी असेल. कपडे आणि कांबळी हवीतच, थंडी कोणाची वाट पाहत नाही. पण त्यासोबत या वर्षी आम्हाला आणखी दोन गावांत कोठी उभारायच्या आहेत. पिंप, ताडपत्र्या आणि वजनकाटे लागतील. मिरचीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी डिसेंबर ते मार्च वसतिगृहात धाकट्या भावंडांनाही ठेवता येईल का, हे पाहत आहोत. त्यासाठी एका ताईचा पगार लागेल. ज्यांना हिशेब लिहिता येतो अशा निवृत्त बंधुभगिनींनी वर्षातून एक आठवडा यावे. ग्रामसभेच्या मुलामुलींना जमाखर्च शिकवायला कोणीतरी हवे आहे. आणि तुमच्यात कोणी वकील असेल तर वनहक्काच्या दाव्यांचे कागद वाचून द्यायला एक शनिवार काढावा.

काकांना मी हा लेख छापायच्या आधी वाचून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मी नोकरीत असताना वडशाहून सुटणाऱ्या मालगाड्यांचे कागद पाहायचो. बांबू, लाकूड, सगळं माझ्या हाताखालून गेलं. कुठे जातं ते लिहिलेलं असायचं. कुणाकडून आलं ते कधी वाचलं नाही." मग त्यांनी विचारले की हिशेब शिकवायला केव्हा यायचे.

प्रार्थनेसाठी एवढेच: मोहाच्या हंगामात पाऊस न पडो. मिरचीला गेलेली कुटुंबे सुखरूप परत येवोत. आणि ज्या भूमीत देवाने इतके पेरून ठेवले आहे, तिथल्या लेकरांना त्यातला त्यांचा वाटा मिळावा यासाठी आपण थकून न जाता काम करत राहो.

आपली बहीण,
आदिवासी कल्याण सेवेतील एक कार्यकर्ती, नागपूर